काशाची वाटी आणि पायांचं स्थैर्य

काशाची वाटी म्हणजे तांब्यात कथील मिसळून केलेली, गोलसर बुडाची. तळपायाला तूप किंवा खोबरेल लावायचं आणि टाचेपासून चवड्यापर्यंत ती गोल गोल फिरवत राहायची. थोड्याच वेळात तूप काळं पडू लागतं आणि घरातलं जाणतं माणूस म्हणतं, "बघ, किती उष्णता निघाली!" महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत हे वाक्य ऐकू आलेलं आहे. तो काळेपणा येतो काशाच्या घासण्यातून आणि तांब्यावर तुपाची क्रिया होऊन. अंगातली उष्णता अशी काळी होऊन बाहेर पडत नाही. तरीही ही चाल टाकाऊ नाही, कारण तिच्यामागचं खरं बळ दुसरीकडेच आहे.

ते चरकसंहितेत सापडतं. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात रोजच्या आचाराचे नियम सांगताना पादाभ्यंगाचे गुण दिले आहेत. तिथे वाटीचा उल्लेख नाही; तेल लावून पाय चोळणं एवढंच आहे. त्याने पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, थकवा आणि बधिरपणा जातो; पायांना बळ आणि स्थैर्य येतं, असं तो ग्रंथ म्हणतो. दृष्टी निवळते, हाही गुण त्याच यादीत आहे आणि घराघरांत तोच जास्त लक्षात राहिला. बधिरपणा आणि स्थैर्य हे दोन मुद्दे मात्र मागे पडले. खरं तर मोलाचे तेच होते.

तळपाय बधिर झाला की तोल कसा जातो, हे युरोपात नीट नोंदवलं ते बर्लिनच्या मोरिट्झ रोम्बेर्ग या डॉक्टरांनी, 1840 च्या दशकात. मज्जारज्जूच्या एका विकारात रुग्णांच्या पायांची जाण हरपत असे. डोळे उघडे असताना ते उभे राहत. डोळे मिटायला सांगितलं की डोलू लागत. तोंड धुताना डोळे मिटले तरी त्यांचा तोल जाई. पाय जुळवून, डोळे मिटून उभं करण्याची ती चाचणी आजही रोम्बेर्गच्याच नावाने होते.

पुढे फ्रान्समधल्या कावुनुदिया, रोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये आणखी बारकावा दाखवला. उभ्या माणसाच्या चवड्याखाली कंप दिला तर शरीर मागे झुकतं, टाचेखाली दिला तर पुढे. भार कुठे पडला आहे हे तळव्याची कातडी मेंदूला सतत कळवत असते, आणि त्यावर शरीर स्वतःला सावरतं.

मग चोळण्याने तोल सुधारतो का? फ्रान्समधल्याच अभ्यासकांनी 2009 मध्ये वृद्धांच्या पावलांना आणि घोट्यांना मसाज व हालचाल देऊन ते तपासलं, आणि लगेच घेतलेल्या चाचण्यांत काही सुधारणा दिसली. हा परिणाम किती दिवस टिकतो, हे अशा एका बैठकीवरून सांगता येत नाही. त्यामुळे वाटीने पडण्याचा धोका टळतो असं म्हणणं घाईचं ठरेल.

घरातल्या वडीलधाऱ्यांचे पाय जरूर चोळा. मात्र मधुमेह असेल तर आधी उजेडात तळवा, टाच आणि बोटांच्या बेचक्या बघून घ्या. भेग, फोड किंवा जखम असेल तर वाटी बाजूला ठेवा, कारण बधिर पायाला घासण्याची इजा कळत नाही. आणि अंधारात किंवा तोंड धुताना त्यांचा तोल जात असेल, तर तेलातुपावर विसंबून न राहता त्यांना डॉक्टरांकडे न्या.