सरपणासाठी चेन सॉ घेताना

कोकणात मे महिना हा पावसाळ्याच्या बेगमीचा. न्हाणीघरातील चुलीला वर्षाऋतूत पुरेल एवढे सरपण पहिल्या सरीपूर्वी तोडून, फोडून पडवीत रचावे लागते. पूर्वी हे काम कुऱ्हाडीने होई. मजुरांची टंचाई आणि वरकस जमिनीवर वाढलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ यांमुळे आता पेट्रोलवरील चेन सॉ, म्हणजेच गावच्या बोलीतला ‘कटर’, अनेक वाड्यांवर पोहोचला आहे. शहरात राहून गावची जमीन सांभाळणारेही तो विकत घेतात. दुकानात चौकशी होते ती ताकदीची आणि किमतीची. अंगावर काय घालायचे, हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. खरेदीची सुरुवात मात्र तेथूनच व्हावयास हवी.

यंत्राचा आकार

१९२६ साली जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी बनविलेला विजेवरील चेन सॉ ४८ किलो वजनाचा होता. तो चालविण्यास दोन माणसे लागत. आजचे घरगुती यंत्र पट्टी व साखळीवाचून चार ते पाच किलो भरते. हाताळणी सोपी झाली, तरी साखळीची धार तीच आहे.

फूटभर जाडीपर्यंतच्या ओंडक्यांसाठी १४ ते १६ इंचांची पट्टी आणि ३५ ते ४५ सीसीचे इंजिन पुरेसे होते. आंब्या-फणसाचे जाड बुंधे वारंवार कापावयाचे असतील, तरच १८ इंच आणि ५० सीसीच्या पुढे जावे. बाजारात स्वस्तात मिळणारी ५८ सीसी व २२ इंची यंत्रे नवख्याला भुरळ घालतात. परंतु जड यंत्राने हात लवकर थकतात आणि थकलेल्या हातांकडून चूक होते. केवळ फांद्या छाटावयाच्या असल्यास बॅटरीवरील यंत्र सोयीचे. त्याचा आवाज कमी असला, तरी जखम तितकीच खोल होते.

चेन ब्रेक, तुटलेली साखळी अडविणारा चेन कॅचर, थ्रॉटलचे कुलूप आणि कंपन शोषणाऱ्या मुठी, या चार गोष्टी नसलेले यंत्र घेऊ नये. सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात की नाही, हेही आधी विचारावे.

उलट झटका

पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, की फिरणारी साखळी अडते आणि पट्टी क्षणार्धात चालकाच्या चेहऱ्याकडे उसळते. यालाच किकबॅक म्हणतात. तो टाळण्यासाठी टोकाने कापू नये, यंत्र खांद्याच्या वर नेऊ नये आणि पुढची मूठ डाव्या हाताच्या अंगठ्याने वेढून धरावी. चेन ब्रेकची चाचणी रोज काम सुरू करण्यापूर्वी घ्यावी.

अंगावरची साधने

चपला आणि अर्धी विजार घालून चेन सॉ चालविणारे मजूर आपल्याकडे अनेक ठिकाणी दिसतात. साखळी मांडीत शिरून मोठी रक्तवाहिनी तुटल्यास काही मिनिटांत प्राण जाऊ शकतो, आणि वाडीपासून रुग्णालय बहुधा दूर असते. चेन सॉसाठीच्या संरक्षक विजारीत लांब, चिवट तंतूंचे थर असतात. साखळी लागताच ते ओढले जाऊन दातेरी चाकात गुंततात आणि साखळी थांबते. ‘वर्ग १’ची विजार सेकंदाला २० मीटर वेगाच्या साखळीसाठी तपासलेली असते. मेच्या उकाड्यात ती असह्य वाटल्यास साध्या विजारीवर बांधण्याचे पुढचे आवरण घ्यावे आणि काम सकाळीच उरकावे.

यंत्राचा आवाज १०० डेसिबलहून अधिक असतो. त्यामुळे कर्णरक्षक आणि जाळीचा पडदा असलेले शिरस्त्राण, पोलादी टोकाचे बूट व हातमोजे आवश्यक ठरतात. रक्तस्राव थांबविणारी दाबपट्टी खिशात असावी. एकट्याने काम करू नये.

इंधन आणि धार

टू-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. ५०:१ प्रमाण सांगितले असल्यास लिटरला २० मिलिलिटर, २५:१ असल्यास ४०. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषते, म्हणून पावसाळ्यासाठी यंत्र ठेवताना टाकी रिकामी करावी. साखळीसाठी वेगळे तेल वापरावे. इंजिनातून काढलेले जुने तेल नव्हे.

लाकडाच्या चिपळ्यांऐवजी बारीक भुसा पडू लागला, की धार गेली असे समजावे. साखळीच्या मापाप्रमाणे ४ किंवा ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. ओंडका जमिनीवर न ठेवता लाकडी घोडीवर घेतल्यास साखळी माती आणि जांभ्यापासून वाचते. चीर आवळू लागल्यास प्लॅस्टिकची पाचर ठोकावी; लोखंडी पाचरेला साखळी लागली तर दाते मोडतात.

तोडण्यापूर्वी

आडवा पडलेला ओंडका कापणे आणि उभे झाड पाडणे ही दोन वेगळी कामे आहेत; दुसरे जाणकारावरच सोपवावे. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमानुसार साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर, हिरडा, जांभूळ आदी अनुसूचित झाडे स्वतःच्या जमिनीतही वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तोडता येत नाहीत.

खरेदीची रक्कम ठरविताना विजार, शिरस्त्राण, बूट आणि कानस यांचा खर्च आधी बाजूला काढावा आणि उरलेल्या पैशांत बसेल ते यंत्र घ्यावे. सरपणासाठी ते लहान असले तरी चालते.