ओर्चाता : एका पेल्यामागची हजारो वर्षं

स्पेनला निघालेला प्रवासी वाइनची नावं पाठ करून जातो. व्हॅलेन्सियाची माणसं मात्र उन्हाळ्याच्या दुपारी ज्या पेयासाठी दुकानात गर्दी करतात, त्यात मद्याचा थेंबही नसतो. ओर्चाता हे त्याचं नाव. दुधासारखं पांढरं, गारेगार, गोड, जिभेवर जरासं पिठूळ लागणारं. पण दुधाशी त्याचा काहीही संबंध नाही. ते निघतं चुफा नावाच्या हरभऱ्याएवढ्या, सुरकुतलेल्या कंदापासून. आपल्या शेतात माजणारा आणि खुरपून खुरपून हात दुखवणारा लव्हाळा या चुफाचा सख्खा भाऊबंद आहे.

या कंदाचा माग काढत गेलं की आपण थेट नाईलच्या काठी पोहोचतो. प्राचीन इजिप्तच्या थडग्यांत मृतांच्या सोबतीला ठेवलेले चुफाचे वाळके कंद सापडले आहेत. भूमध्य समुद्राच्या पश्चिम टोकाला ते अरबांनी नेले, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. व्हॅलेन्सियावर सुमारे पाचशे वर्षं मुस्लीम सत्ता होती. त्या काळात तुरिया नदीचं पाणी पाटांनी खेळवून शहराभोवती बागायत उभी राहिली. शहराच्या उत्तरेची रेताड, भुसभुशीत माती आणि हुकमी पाणी चुफाला मानवलं. 1238मध्ये आरागोनचा राजा पहिला जाउमे याने शहर जिंकलं, पण पाटांची वहिवाट मोडली नाही. चुफाच्या शेतीसाठी हा निर्णय कुठल्याही लढाईपेक्षा मोलाचा ठरला.

ती वहिवाट आजही जिवंत आहे. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता व्हॅलेन्सियाच्या कॅथेड्रलच्या दारात आठ पाटांचे प्रतिनिधी काळे झगे घालून बसतात आणि पाण्याचे तंटे तोंडी चालवून जागेवर निकाल देतात. हे प्रतिनिधी स्वतः शेतकरीच असतात. युनेस्कोने 2009मध्ये या पाणी-न्यायालयाचा समावेश मानवजातीच्या अमूर्त वारशात केला.

पेय बनवण्याची रीत साधी असली तरी तिला वेळ द्यावा लागतो. एप्रिल-मेमध्ये लावलेला चुफा थंडीत निघतो. मग धुऊन, माळ्यावर पसरून, रोज खालीवर करत तो सुमारे तीन महिने वाळवतात. त्यानंतरच त्यात गोडी उतरते. कंद भिजवायचे, वाटायचे, पिळायचे, गाळायचे आणि त्यात साखर घालायची. साधारण किलोभर चुफात चार-पाच लिटर ओर्चाता होतं. यंत्रं येण्यापूर्वी ते गार करायला डोंगरात साठवलेला बर्फ लागे. ते घरातून बाजारात नेण्यात अलिकान्तेजवळच्या शिशोना गावच्या मिठाईवाल्यांचा मोठा हात होता. हिवाळ्यात बदामाची तुर्रोन ही मिठाई आणि उन्हाळ्यात ओर्चाता व आइस्क्रीम विकत ही कुटुंबं स्पेनभर पसरली.

नाव समुद्रापार गेलं तेव्हा पेय बदललं. मेक्सिकोचं ओर्चाता तांदूळ आणि दालचिनीचं असतं. नायजेरियात मात्र याच कंदाचं ‘कुनुन आया’ पितात. पश्चिम आफ्रिकेतला स्वस्त चुफा आता स्पेनमध्येही येतो. व्हॅलेन्सियाच्या चुफाला मात्र 1995पासून मूळस्थानदर्शक संरक्षण आहे.

इतकं असूनही अस्सल ओर्चाता जगभर का पोहोचलं नाही? कारण ते टिकत नाही. ताजं ओर्चाता शीतकपाटातही दोन-तीन दिवसांत नासतं. तापवून टिकवावं, तर त्यातला स्टार्च फुगून त्याची खीर होते. बाटलीतल्या ओर्चाताला म्हणूनच ताज्याची चव येत नाही. हे पेय तुमच्याकडे येणार नाही, तुम्हालाच त्याच्याकडे जावं लागतं. दिवसाला तीन शहरं उरकणाऱ्या सहलीत ते हाती लागत नाही.

व्हॅलेन्सियाला जाल तेव्हा एक गुरुवार मोकळा ठेवा. बारा वाजता पाणी-न्यायालय पाहा, मग मेट्रोने शेजारच्या आल्बोरायाला जा. तिथल्या एखाद्या ओर्चाताच्या दुकानात बसा आणि फार्तोन नावाचा लांबट, मऊ पाव पेल्यात बुडवून खा. पुढचं स्थळ गाठायची घाई करू नका. गावाबाहेर चुफाची शेतं आहेत आणि त्यांना पाणी देणारे पाटही. तेही चालत जाऊन पाहा.