घरातल्या चार डिस्कांचा इतिहास

तीस हजार तास. 1988 साली चांगल्या हार्ड डिस्कचं सरासरी आयुष्य एवढं धरत. त्या वर्षी बर्कली विद्यापीठातले प्राध्यापक डेव्हिड पॅटर्सन आणि रँडी कॅट्झ, आणि त्यांचा विद्यार्थी गार्थ गिब्सन, यांनी एक शोधनिबंध मांडला. त्यात त्यांनी हा आकडा घेऊन सरळ भागाकार केला. अशा शंभर डिस्का एकत्र जोडल्या, तर त्यातली कुठली तरी एक सरासरी 300 तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच बंद पडणार. संगणकाच्या इतिहासात इतका प्रामाणिक भागाकार मी दुसरा पाहिलेला नाही. डिस्क मरणार हे आधी मान्य करायचं आणि मग पुढची रचना करायची, असा तो विचार होता.

पण शंभर डिस्का जोडायच्याच कशाला? तेव्हा मोठ्या कार्यालयांत आयबीएमची 3380 ही 14 इंची तबकड्यांची डिस्क असे. तिच्यात साडेसात हजार मेगाबाइट मावत. तिकडे वैयक्तिक संगणकांसाठी कॉनर कंपनीची साडेतीन इंची डिस्क आली होती, क्षमता 100 मेगाबाइट. अशा 75 छोट्या डिस्का घेतल्या की मोठीची बरोबरी होत होती, तीही कमी पैशांत, कमी विजेत आणि कितीतरी कमी जागेत. अडचण एकच, ती भागाकाराची. तिच्यावरचा उपाय म्हणजे रेड.

या उपायाचं गणित मला आजही सुंदर वाटतं. तीन डिस्कांवर एकाच जागी 1, 0, 1 असे बिट आहेत असं समजा. चौथ्या डिस्कवर असा बिट लिहायचा, की चारही मिळून एकांची संख्या सम व्हावी. इथे तो 0. उद्या तिसरी डिस्क गेली, तर उरलेल्या तिघींवर 1, 0, 0 दिसतं. संख्या सम व्हायला एक कमी आहे, म्हणजे हरवलेला बिट 1 होता. बस, एवढंच. निबंधात पाच पातळ्या होत्या. पाचवीत हा ताळ्याचा बिट एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर आळीपाळीने वाटला होता, म्हणजे लिहिताना एकाच डिस्कवर गर्दी होत नसे. घरोघरी पोचलेली रेड-5 ती हीच.

घरी पोचायला मात्र वेळ लागला. सुरुवातीला हे काम करणारी कार्डं महाग होती, आणि बहुतेक कार्डं डिस्कांवरची मांडणी आपापल्या पद्धतीने करत. कार्ड जळालं तर तसंच दुसरं शोधत फिरायचं. माझा सांगलीत फोटो स्टुडिओ आहे. वडिलांच्या काळातल्या लग्नांच्या निगेटिव्ह स्कॅन करून मी घरच्या लिनक्स संगणकावर चार डिस्कांत ठेवल्या आहेत. त्या एखाद्या कार्डाच्या भरवशावर ठेवायला मी कधीच तयार झालो नसतो.

लिनक्समध्ये हे काम कार्डाशिवाय, नुसत्या सॉफ्टवेअरने करणारा एमडी हा भाग मार्क झिंगिएर यांनी लिहायला घेतला. 1996 च्या 2.0 आवृत्तीत डिस्का एकापुढे एक जोडणं आणि त्यांच्यावर पट्ट्यापट्ट्यांनी लिहिणं एवढं होत होतं. आरशासारखी हुबेहूब प्रत ठेवणारी रेड-1 आणि ताळ्याची रेड-5 यांची भर इंगो मोल्नार, गादी ऑक्समन आणि मिगेल दे इकाझा यांनी घातली. पण कुठली डिस्क पहिली, कुठली दुसरी, हे एका फाइलमध्ये लिहावं लागे, आणि ती फाइल वाचायला आधी संगणक सुरू व्हायला हवा. एखादी डिस्क काढली की बाकीच्यांची नावंही सरकत.

मग तोडगा निघाला, आणि माझ्या लेखी या इतिहासातला सर्वांत मोठा निर्णय तोच आहे. प्रत्येक डिस्कवर एका ठरावीक जागी छोटी नोंद करायची: हा कुठला संच, त्यात एकूण किती डिस्का, माझा क्रमांक कितवा. तिला सुपरब्लॉक म्हणतात. 2001 च्या जानेवारीत आलेल्या 2.4 आवृत्तीत ही व्यवस्था मुख्य लिनक्समध्ये आली. त्याच वर्षी सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या नील ब्राउन यांनी एमडीअ‍ॅडम हे साधन लिहिलं. तेव्हापासून मदरबोर्ड जळो, केबली उलटसुलट लागोत, चारही डिस्का दुसऱ्या कुठल्याही लिनक्स संगणकाला जोडल्या की संच स्वतःला ओळखतो. सामान्य माणसाला हे फुकट मिळालं, याचं मोल मोजता येणार नाही.

आमच्याकडे आणखी एक शत्रू होता, लोडशेडिंग. लिहिता लिहिता वीज गेली की डिस्कांवरचा मजकूर आणि त्याचा ताळा जुळेलच असं नाही. म्हणून संगणक पुन्हा लावल्यावर एमडी संपूर्ण संच पहिल्यापासून तपासत बसे. ते संपायच्या आत पुन्हा वीज जाई. 2005 च्या सुमाराला एमडीत एक नकाशा ठेवायची सोय आली. आत्ता कुठल्या भागात लिहिणं चालू आहे एवढंच त्यात टिपलेलं असतं, त्यामुळे वीज आल्यावर तेवढाच भाग तपासला जातो. तासांचं काम मिनिटांवर आलं. परदेशात कुणी लिहिलेल्या या सोयीने महाराष्ट्रातल्या किती संगणकांचा जीव वाचवला असेल!

पुढे डिस्का वाढल्या आणि जुना भागाकार नव्या रूपात परत आला. चार टेराबाइटची डिस्क गेली, तर तिच्या जागची नवी भरायला सेकंदाला 150 मेगाबाइट वेगानेही सात तासांहून जास्त लागतात, आणि तेवढा वेळ रेड-5 ला दुसरा आधार नसतो. म्हणून दोन ताळे ठेवणारी रेड-6 आली. लिनक्ससाठी ती एच. पीटर अ‍ॅनव्हिन यांनी लिहिली. माझ्या चार डिस्कांवर तीच आहे. निम्मी जागा खर्ची पडते, पण मला ती रास्त किंमत वाटते. सन कंपनीतून निघालेली झेडएफएस त्याही पुढे गेली. ती वाचलेल्या प्रत्येक तुकड्याची चेकसम पडताळते, त्यामुळे डिस्क निमूटपणे चुकीचं देत असेल तर तेही पकडलं जातं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तिचा विचार जरूर करावा.

पण यातलं काहीही घराबाहेर ठेवलेल्या प्रतीची जागा घेत नाही. चुकून पुसलेली फाइल चारही डिस्कांवरून त्याच क्षणी जाते. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा एका कॅबिनेटमधल्या चार डिस्कांना वेगवेगळं नशीब नव्हतं. माझी एक प्रत पुण्यात बहिणीकडे असते. तुमच्या घरचे फोटो जिथे असतील, तिथून वेगळ्या गावी एक प्रत आजच पाठवा, आणि वर्षातून एकदा ती उघडते का ते पाहा.