कॅनिझारो यांचे पाठ टाचण

माध्यमिक शाळेत रसायनशास्त्राची ओळख करून देताना पाण्याच्या विद्युत अपघटनाचा प्रयोग हमखास दाखवला जातो. पाण्यात थोडे आम्ल घालून बॅटरी जोडली, की दोन परीक्षानळ्यांत वायू जमू लागतो. काही वेळाने एका नळीत दुसरीच्या दुप्पट वायू जमलेला दिसतो. जास्त जमला तो हायड्रोजन, कमी जमला तो ऑक्सिजन. मग फळ्यावर निष्कर्ष लिहिला जातो : 'म्हणून पाण्याचे रेणुसूत्र एच-टू-ओ.'

या 'म्हणून'पाशी जरा थांबायला हवे. नळीत डोळ्यांना दिसते ते वायूचे आकारमान. सूत्रात लिहितो ती अणूंची संख्या. आकारमान दुप्पट म्हणजे अणूही दुप्पट, हे कशावरून? एखाद्या विद्यार्थिनीने असे विचारले, तर तिला 'पुस्तकात दिले आहे' एवढ्यावर गप्प बसवू नये. अणुसिद्धांताचे जनक जॉन डाल्टन यांनाही हेच मान्य नव्हते. आणि या प्रश्नाचे सर्वांना पटणारे उत्तर मिळायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. ते उत्तर नव्या प्रयोगातून आले नाही. एका शिक्षकाने प्रथम वर्षाचे रसायनशास्त्र कसे शिकवायचे याचे जे टाचण लिहिले, त्यातून ते आले.

डाल्टन यांनी १८०८ साली आपला अणुसिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. पदार्थांचे पृथक्करण करून घटकांच्या वजनांचे प्रमाण काढता येत होते. पाण्यात १ भाग हायड्रोजन असेल, तर ऑक्सिजन ८ भाग असतो. (डाल्टन यांचा स्वतःचा आकडा ७ होता, पुढे मापने सुधारली.) पण यावरून ऑक्सिजनच्या एका अणूचे वजन काढायचे, तर रेणूत कोणाचे किती अणू आहेत ते आधी माहीत हवे. पाणी 'एचओ' असेल तर ऑक्सिजनचा अणुभार ८. 'एच-टू-ओ' असेल तर १६. सूत्र माहीत असेल तर अणुभार मिळतो, अणुभार माहीत असेल तर सूत्र मिळते. दोन्ही माहीत नसतील तर? डाल्टन यांनी एक सोपा नियम गृहीत धरला : दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग माहीत असेल, तर त्यात दोघांचा एकेक अणू आहे असे समजावे. म्हणून त्यांचे पाणी 'एचओ' झाले.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये गे-ल्युसॅक यांना दिसले, की वायूंच्या आकारमानांचे प्रमाण नेहमी साध्या पूर्णांकांत असते. दोन लिटर हायड्रोजन आणि एक लिटर ऑक्सिजन यांपासून दोन लिटर वाफ होते. १८११ साली इटलीतील व्हेर्चेल्ली येथे शिकवणाऱ्या अमेदेओ अ‍ॅव्होगाड्रो यांनी याचा अर्थ लावला : तापमान आणि दाब सारखे असतील, तर कोणत्याही वायूच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते. पण मग एका लिटरमधील ऑक्सिजन दोन लिटर वाफेत कसा पुरला? ऑक्सिजनच्या प्रत्येक रेणूचे दोन तुकडे झाले असले पाहिजेत. म्हणजे ऑक्सिजन वायूचा रेणू एका अणूचा नसून निदान दोन अणूंचा आहे.

हे पटणे त्या काळी सोपे नव्हते. एकाच जातीचे अणू एकमेकांना दूर ढकलतात, असे डाल्टन मानत. बर्झेलियस यांच्या मते रासायनिक बंध हे विरुद्ध विद्युतप्रभारांचे आकर्षण. मग दोन सारखे अणू एकत्र कसे राहतील? पुढे द्यूमा यांनी काही मूलद्रव्यांच्या बाष्पाची घनता मोजली, तेव्हा गोंधळ आणखी वाढला. गंधकाची बाष्पघनता अपेक्षेच्या तिप्पट निघाली. १८३६ साली द्यूमा म्हणू लागले, की आपल्या हाती असते तर 'अणू' हा शब्दच आपण विज्ञानातून काढून टाकला असता.

परिणाम असा झाला, की कोणी कार्बनचा अणुभार ६ धरी, तर कोणी १२. कोणी ऑक्सिजनचा ८, तर कोणी १६. केकुले यांनी आपल्या सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात एकट्या अ‍ॅसेटिक आम्लाची त्या वेळी प्रचारात असलेली १९ सूत्रे दिली आहेत! अशा काळात नवशिक्या विद्यार्थ्यांपुढे उभे राहायचे कसे, हा खरोखरीचा पेच होता.

स्तानिस्लाव कॅनिझारो यांच्यापुढे हाच पेच होता. त्यांचा जन्म १८२६ सालचा, सिसिलीतील पालेर्मोचा. १८४८ च्या उठावात त्यांनी भाग घेतला. उठाव फसल्यावर त्यांना देश सोडून फ्रान्समध्ये आसरा घ्यावा लागला. १८५१ साली ते इटलीत परतले, अलेस्सांद्रिया येथे शिकवू लागले आणि १८५५ साली जेनोआ विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. १२ मार्च १८५८ रोजी त्यांनी पिसा येथील आपले स्नेही प्राध्यापक दे लुका यांना एक पत्र लिहिले. आपण वर्गात कोणत्या क्रमाने काय शिकवतो, याचा तो आराखडा होता. त्याच वर्षी तो एका इटालियन नियतकालिकात छापून आला.

पहिल्या काही व्याख्यानांत कॅनिझारो विद्यार्थ्यांना इतिहास सांगत : गे-ल्युसॅक काय म्हणाले, अ‍ॅव्होगाड्रो यांनी त्याचा काय अर्थ लावला, बर्झेलियस आणि द्यूमा कोठे अडले. मग पाचव्या व्याख्यानापासून ते अ‍ॅव्होगाड्रो यांचे गृहीतक वापरायला घेत. घटक कोणते हे ठाऊक नसतानाही रेणूंची तुलनात्मक वजने त्यातून काढता येतात. समान आकारमानात रेणू समान असतील, तर एक लिटर वायूचे वजन हेच त्याच्या रेणूच्या वजनाचे माप. हायड्रोजनचा रेणू त्यांनी २ धरला. पाण्याची वाफ तेवढ्याच आकारमानाच्या हायड्रोजनच्या ९ पट जड असते, म्हणून पाण्याचा रेणू १८. ऑक्सिजन १६ पट जड, म्हणून त्याचा रेणू ३२.

यापुढची पायरी महत्त्वाची. पृथक्करणावरून प्रत्येक रेणूत ऑक्सिजनचा वाटा किती, ते काढायचे. ९ ग्रॅम पाण्यात ८ ग्रॅम ऑक्सिजन असतो, म्हणून १८ मध्ये १६. अशी अनेक संयुगे एकाखाली एक लिहायची. (आकडे आजच्या पूर्णांकी किमतींनुसार दिले आहेत.)

पदार्थ : रेणूचे वजन : त्यातील ऑक्सिजन
पाणी : १८ : १६
कार्बन मोनॉक्साइड : २८ : १६
कार्बन डायॉक्साइड : ४४ : ३२
सल्फर डायॉक्साइड : ६४ : ३२
सल्फर ट्रायॉक्साइड : ८० : ४८
ऑक्सिजन वायू : ३२ : ३२

शेवटचा रकाना पाहा. १६, ३२, ४८. मधला आकडा कोठेच नाही. बंद पुड्यांत सारख्या वजनाच्या गोट्या भरल्या असतील, तर बऱ्याच पुड्या तोलून एका गोटीचे वजन सांगता येते, तसेच हे आहे. जी राशी नेहमी अखंडच आढळते, तिलाच अणू म्हणायचे. ऑक्सिजनचा अणुभार १६, आणि पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा अणू एक. उरलेल्या २ भागांत हायड्रोजनचे अणू दोन. कारण हायड्रोक्लोरिक आम्लाच्या रेणूत हायड्रोजन १ असतो आणि त्याहून कमी कोठेही सापडत नाही. सूत्र आणि अणुभार यांचे कोडे असे एकदम सुटते.

यात एक फट राहते. १६ हे वजन कदाचित नेहमी जोडीने राहणाऱ्या दोन अणूंचे असेल! उद्या एखाद्या रेणूत ८ भाग ऑक्सिजन सापडला, तर अणुभार बदलावा लागेल. पण जितकी जास्त संयुगे तपासावीत आणि तसे न आढळावे, तितका निष्कर्ष पक्का होतो. धातूंसाठी कॅनिझारो विशिष्ट उष्णतेवरून अणुभार पडताळून पाहत. द्यूमा यांची अडचण तर त्यांनी सहज सोडवली. सर्व मूलद्रव्यांच्या रेणूंत अणूंची संख्या सारखीच असावी, असा आग्रह कशाला? हायड्रोजनच्या रेणूत दोन अणू, पाऱ्याच्या बाष्पात एकच, फॉस्फरसच्या बाष्पात चार.

३ ते ५ सप्टेंबर १८६० या दिवसांत जर्मनीतील कार्ल्सरुह येथे सुमारे १४० रसायनशास्त्रज्ञ हा घोळ मिटवण्यासाठी जमले. कॅनिझारो यांनी तेथे जोरदार मांडणी केली, तरी परिषद एकमत न होताच संपली. निघताना त्यांचे सहकारी आंजेलो पावेसी यांनी त्या टाचणाच्या छापील प्रती वाटल्या. लोथार मायर यांनी प्रत खिशात टाकली आणि नंतर वाचली. आपल्या शंका फिटल्या आणि खात्री वाटू लागली, असे त्यांनी पुढे नमूद केले. १८६४ साली त्यांनी याच पायावर आपले पुस्तक लिहिले. परिषदेला २६ वर्षांचे मेंडेलीव्हही हजर होते. १८६९ साली विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिताना त्यांनी मूलद्रव्ये अणुभाराच्या क्रमाने मांडली, ती या सुधारलेल्या अणुभारांमुळेच. कॅल्शियम २० की ४०, हेच ठरले नसते तर आवर्तसारणी जुळली नसती. अ‍ॅव्होगाड्रो मात्र हे पाहायला नव्हते. १८५६ सालीच त्यांचे निधन झाले होते.

ज्येष्ठ संशोधकांची परिषद जे करू शकली नाही, ते वर्गातल्या टाचणाने का केले? त्यातली माहिती बहुतेक जुनीच होती. पण संशोधकाला आपल्यापुरते एखादे गृहीतक धरून पुढे जाता येते. समोर नवशिके विद्यार्थी असले, की प्रत्येक पायरी दाखवावी लागते. ती दाखवता दाखवता कोठली पायरी निखळलेली आहे, ते शिक्षकालाच आधी दिसते.

आपल्या वर्गात हे सर्व करायला वेळ कोठून आणायचा, अशी अडचण शिक्षक सांगतील, आणि ती खरी आहे. पण यासाठी एक तासिका पुरते. वरील तक्ता फळ्यावर लिहावा, शेवटच्या रकान्याबद्दल काही बोलू नये आणि काय दिसते ते मुलांना सांगू द्यावे. नंतर कार्बनचे आकडे द्यावेत : कार्बन मोनॉक्साइडच्या २८ मध्ये १२, कार्बन डायॉक्साइडच्या ४४ मध्ये १२, मिथेनच्या १६ मध्ये १२, एथिलिनच्या २८ मध्ये २४, ईथरच्या ७४ मध्ये ४८. कार्बनचा अणुभार ६ की १२, हे मुलांनी स्वतः ठरवावे आणि कशावरून, तेही सांगावे. रेणुसूत्रे त्यानंतरही पाठ करावी लागतीलच. पण ती कोणाच्या तरी शब्दाखातर मानलेली नसतील.