रिकामी गव्हाण

डिसेंबर लागला की आजी परातीत माती पसरून नाचणी पेरायची. दोन आठवड्यांत बोटभर हिरवी लव यायची आणि ती परात नाताळच्या गोठ्यात शेत होऊन बसायची. मागे निळा कागद, आरशाच्या तुकड्याचं तळं, आणि पेंढा नुकत्याच झोडलेल्या भाताचा. आमच्या वसईत तो विकत आणावा लागत नसे. मरिया आणि जोसेफ समोरासमोर बसलेले, मधे गव्हाण. पण गव्हाणीत कुणीच नाही. बाळ येशू आजीच्या कपाटात, लुगड्याच्या घडीत. मध्यरात्रीच्या मिस्साहून परतल्यावर घरातल्या सर्वांत लहान मुलाने त्याला आणून पेंढ्यावर ठेवायचं, सगळ्यांनी गुडघे टेकायचे, आणि मगच करंज्यांच्या ताटाला हात.

ही रिकामी गव्हाण आली कुठून, याचा माग काढताना लूकच्या शुभवर्तमानाशी सुरुवात होते. तिथे उतारशाळेत जागा नव्हती आणि बाळाला गव्हाणीत ठेवलं, एवढंच आहे. बैल नाही, गाढवही नाही. ती दोन्ही यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून आली. बैल धन्याला ओळखतो, गाढव त्याच्या गव्हाणीला ओळखतं, माझे लोक मात्र मला ओळखत नाहीत, असं देवाचं गाऱ्हाणं त्या ग्रंथाच्या आरंभीच आहे. चौथ्या शतकातल्या दगडी शवपेट्यांवर ही जनावरं बाळाशेजारी कोरलेली दिसतात. म्हणजे गोठ्यातली गुरं नुसती शोभेला नाहीत. ओळखलंस का, असं ती बघणाऱ्याला विचारत उभी आहेत.

आज आपण मांडतो त्या गोठ्याचं मूळ 1223 च्या नाताळात आहे. रोमच्या उत्तरेला रिएतीच्या खोऱ्यात ग्रेचो नावाचं डोंगरातलं गाव. असिसीकर संत फ्रान्सिस तेव्हा थकले होते, तीन वर्षांनी ते गेलेच. सणाच्या सुमारे पंधरा दिवस आधी त्यांनी तिथल्या जॉन नावाच्या सज्जनाला निरोप धाडला: बेथलेहेमात त्या तान्ह्या बाळाचे किती हाल झाले, ते मला या डोळ्यांनी पाहायचंय. जॉनने गव्हाण आणली, गवत आणलं, बैल आणि गाढव आणून बांधलं. आसपासचे लोक मशाली आणि मेणबत्त्या घेऊन रात्री डोंगर चढून आले. गव्हाणीवरच मिस्सा झाला. फ्रान्सिस दीक्षित उपधर्मगुरू होते. त्यांनी शुभवर्तमान गाऊन वाचलं आणि प्रवचन दिलं.

पाच-सहा वर्षांनी चेलानोच्या थॉमसने त्यांचं चरित्र लिहिलं, त्यात ही हकिगत आहे. ती वाचताना मी एका गोष्टीपाशी दरवेळी थांबतो. त्या रात्री गव्हाणीत मूर्ती नव्हती. मरिया-जोसेफची सोंगंही कुणी घेतली नव्हती. होतं ते गवत, जनावरं आणि वेदीवरचा ख्रिस्तप्रसाद. एका माणसाला मात्र दिसलं की गव्हाणीत बाळ निपचित पडलंय आणि फ्रान्सिस त्याला झोपेतून जागं करतायत. थॉमस त्याचा अर्थही सांगतो: कितीतरी अंतःकरणांत येशू विसरला गेला होता, तो जागा झाला. घरातल्या नाताळात श्रद्धा जपायची म्हणजे काय, याचं मला याहून नेमकं उत्तर सापडलेलं नाही.

मूर्ती पुढे आल्या. रोमच्या सांता मारिया माज्योरेत आर्नोल्फो दी कांबियोने तेराव्या शतकाच्या अखेरीस संगमरवरात घडवल्या. अठराव्या शतकात नेपल्सने गोठ्यात अख्खा बाजार उभा केला, मासळीवाल्यांसकट. पण गोठा घरोघरी रुजवण्यात एका आपत्तीचा हात होता. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चला कुलपं लागली. प्रोव्हान्सच्या लोकांनी घरात, दारं लावून गोठे मांडले. मार्सेयच्या लान्येल नावाच्या कारागिराने साचे करून मातीच्या स्वस्त मूर्ती काढल्या, म्हणून गरिबाच्या घरीही बेथलेहेम पोचलं. आजीला ठाऊक नव्हतं, पण त्याच प्रोव्हान्समध्ये 4 डिसेंबरला, संत बार्बराच्या सणाला, बशीत गहू पेरतात आणि ते अंकुर गोठ्याजवळ ठेवतात.

आपल्याकडे फ्रान्सिसचे संन्यासी 1517 मध्ये गोव्यात उतरले. वसईच्या किल्ल्यात त्यांच्या चर्चचे अवशेष अजून उभे आहेत. 1616 मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात छापून झालं, आणि बेथलेहेमची ती रात्र ओवीत आली. गोठा आणि गव्हाण हे शब्द तर गुरं पाळणाऱ्या आमच्या लोकांना शिकवावे लागलेच नाहीत. शेण आणि ओल्या गवताच्या वासात, डासांत तान्हं मूल ठेवायचं म्हणजे काय, हे त्यांना न सांगता कळत होतं.

आता बहुतेक घरी गाय नाही. गोठा तयार मिळतो, बाळ गव्हाणीला चिकटवलेलंच असतं. दिव्यांच्या माळा मलाही आवडतात, पण ते चिकटवलेलं बाळ मला खुपतं. त्याची वाटच पाहावी लागत नाही. गेल्या वर्षी मी पातं घालून ते अलगद सोडवलं आणि आजीच्या त्याच कपाटात ठेवलं. आगमनकाळात मुलांनी कुणासाठी काही चांगलं केलं की एक काडी गव्हाणीत टाकायची, असं ठरलं. धाकटी रोज रात्री काड्या मोजायची. एकदा भावाशी भांडली आणि आपण होऊन एक काडी काढून घेतली. 24 च्या रात्री मिस्साहून आलो तेव्हा ती अर्धवट झोपेत होती. बाळ हातात घेतलं, गव्हाणीकडे पाहिलं आणि म्हणाली, “पप्पा, थांब. गवत कमी आहे, त्याला टोचेल.” आणि अंगणात पेंढा शोधायला गेली.