नवख्याला खेळात घेणारे

खेळांचा इतिहास लिहिणारे बहुधा नियमांचाच इतिहास लिहितात. कोणते कलम केव्हा घातले आणि कोणते केव्हा गाळले याचा तपशील त्यांच्यापाशी चोख असतो, परंतु ज्याला खेळाची गंधवार्ताही नाही अशा मनुष्याला प्रथम कोणी जवळ बसवून घेतले आणि कसे, हा मामला त्यांच्या दफ्तरी सहसा दाखल होत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा व विस्कॉन्सिन या उत्तरेकडील राज्यांत १९७० च्या सुमारास जन्मास आलेल्या, आणि मेजाभोवती बसून मुख्यतः संभाषणाने खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळाच्या बाबतीत ही उणीव विशेष खटकते. कारण या खेळात हारजीत नाही, पटावाचूनही तो चालतो, आणि नियमांपेक्षा पंचाच्या मुखत्यारीला येथे अधिक मोल आहे. प्रत्येक गडी एखाद्या कल्पित व्यक्तीचे सोंग पत्करतो, आपण काय करणार ते सांगतो, आणि त्याचे फळ काय मिळाले याचा निवाडा पंच आपल्या बुद्धीने व फाशांच्या साहाय्याने करतो.

हा पंच मूळचा फौजेतला. प्रशियाच्या सैन्यातील फॉन राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या युद्धखेळात दोन्ही पक्षांचे हुकूम पंचाकडे लेखी जात आणि परिणाम तो जाहीर करी. पुढे चार्ल्स टॉटन या अमेरिकन लेफ्टनंटाने १८८० मध्ये अशाच खेळावर ‘स्ट्रॅटेगॉस’ हा ग्रंथ लिहिला, आणि तो जवळजवळ विस्मृतीत गेल्यानंतर मिनेसोटातील डेव्हिड वेझली या तरुणाच्या हाती लागला. १९६९ च्या सुमारास वेझलीने नेपोलियनकालीन ब्राउनश्टाइन नावाचे एक कल्पित जर्मन नगर योजून मित्रांपैकी कोणाला नगराध्यक्ष केले, कोणाला सावकार, तर कोणाला विद्यापीठाचा प्रमुख. प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलून कारभार शिस्तीत चालवावा असा त्याचा बेत होता. पण एकाशी बोलणे चालले असता उरलेल्यांनी परस्पर कारस्थाने आरंभिली, आणि दोघे जण तर द्वंद्वयुद्धाची परवानगी मागत त्याच्यापुढे येऊन उभे राहिले. द्वंद्वाचे कलम त्याच्या नियमांत नव्हते. त्याने तिथल्या तिथे काही ठरवून निकाल दिला, आणि आपला खेळ पार फसला अशा समजुतीने तो परतला. मित्रांनी मात्र पुढचा खेळ केव्हा म्हणून विचारणा सुरू केली. माझ्या मते या खेळाचा जन्म पुढील कोणत्याही ग्रंथापेक्षा त्या दोघांच्या हट्टात आणि वेझलीने ‘असे चालायचे नाही’ म्हणून त्यांना परत न पाठवण्यात आहे.

वेझलीच्या मंडळीतील डेव्ह आर्नेसन याने तीच रीत ‘ब्लॅकमूर’ नामक अद्भुत प्रदेशात नेली, आणि १९७२ च्या अखेरीस तो विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या लहानशा गावी गॅरी गायगॅक्स याला तो खेळ दाखवण्यास गेला. गायगॅक्सची विमा कंपनीतील नोकरी सुटलेली होती आणि जोडे दुरुस्त करून तो चरितार्थ चालवीत होता. तथापि लेखणी त्याची दांडगी. आर्नेसनच्या टिपणांवरून व स्वतःच्या कल्पनेने त्याने मजकूर सिद्ध केला, आणि स्वतःच्या पाताळगृहाच्या वाटा प्रथम आपल्याच मुलामुलीला तुडवावयास लावल्या. १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 1000 पेट्या तयार झाल्या, प्रत्येकीत तीन पुस्तिका, किंमत 10 डॉलर. वर्षाच्या आत त्या खपल्या.

खपल्या खऱ्या, परंतु त्या वाचून खेळता येणे ही निराळी गोष्ट होती. त्या पुस्तिका वाचकाला लढाईच्या नियमांसाठी दुसऱ्या एका पुस्तकाकडे पाठवीत, आणि रानावनातील प्रवासासाठी तिसऱ्याच कंपनीच्या खेळाचा नकाशा विकत घेण्यास सुचवीत. जणू सर्व वाचक जुने युद्धखेळवालेच आहेत! त्यामुळे विद्या चालली ती मुखपरंपरेने. गायगॅक्सने १९६८ मध्ये लेक जिनिव्हातील हॉर्टिकल्चरल हॉल 50 डॉलर भाड्याने घेऊन जो मेळावा भरवला, आणि जो पुढे जेन कॉन या नावाने प्रतिवर्षी भरत राहिला, त्याचे महत्त्व यातच आहे. परगावचा मनुष्य तेथे येई, एखाद्या जाणत्या पंचाच्या मेजावर बसे आणि घरी परतल्यावर स्वतःच पंच होऊन आपल्या मित्रांना बोलावी.

ही अडचण प्रथम ओळखली ती एका मज्जातंतुशास्त्राच्या प्राध्यापकाने. जे. एरिक होम्स यांनी नवशिक्यांसाठी नियम नव्याने मांडण्याची तयारी हा खेळ काढणाऱ्या कंपनीला आपण होऊन कळवली, आणि १९७७ मध्ये त्यांची 48 पृष्ठांची पुस्तिका निघाली. तिचा खप एवढा झाला की १९७९ मध्ये फासेच पुरेनात. तेव्हा पेटीत आकडे छापलेला पुठ्ठा घालण्यात आला. त्याचे तुकडे कापून पेल्यात टाकावे आणि न पाहता एकेक उचलावा, अशी व्यवस्था होती.

त्याच सुमारास गायगॅक्सने लिहिलेली ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ ही पुस्तिका पेटीत येऊ लागली, आणि तिच्यापाशी जरा थांबले पाहिजे. सरहद्दीवरची एक गढी, आणि नजीकच्या दरीत राक्षसांच्या गुहा, एवढाच तिचा विस्तार. गढीत किल्लेदार आहे, सराफ आहे, खानावळवाला आहे; कोणाच्या तिजोरीत किती नाणी याचा हिशेबही दिला आहे; परंतु माणसांपैकी एकालाही नाव नाही. ती नावे, त्यांच्या लकबी आणि बोलणे नव्या पंचाने स्वतः योजावयाचे. गायगॅक्सच्या गद्याविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही, ते पाल्हाळिक आहे. पण सगळे सांगण्याची हौस असलेल्या या गृहस्थाने नेमके येथे हात आखडता घेतला, आणि एरवी भीतीने नियमांना चिकटून बसणाऱ्या नवख्या पंचाला पहिल्याच बैठकीत निर्मात्याचे काम करावयास लावले.

१९८३ मध्ये फ्रँक मेंट्झरने याहून सुलभ मार्ग काढला. त्याच्या लाल पेटीतील पुस्तिका वाचकाला एकट्यालाच गुहेत नेते, आलीना नावाच्या धर्मसेविकेशी गाठ घालून देते, आणि लगेच बार्गल नावाच्या दुष्ट मांत्रिकाकरवी तिचा वध करवते. तेवढ्यात निम्मे नियम वाचकाच्या अंगवळणी पडलेले असतात. युक्ती नामी खरी; पण ती खेळाडू घडवते, पंच नव्हे. म्हणून आपल्या मित्रमंडळीत हा खेळ सुरू करू इच्छिणाऱ्याने आजची जाडजूड पुस्तके विकत घेण्यापूर्वी ती गढीची पुस्तिका मिळवून वाचावी, आणि किल्लेदाराचे नाव आपले आपण ठेवावे.