कलाशिक्षणाचा खर्च कोणीं सोसावा?

गायन, चित्रकला, नाट्य यांचें शिक्षण मुलांस मिळावें हें आतां बहुतेकांस मान्य आहे. अडचण येते ती पैशाची. शिक्षकाचें वेतन, पेटी-तबला, रंग आणि कागद यांचा खर्च कोणीं करावयाचा, या एका प्रश्नापाशीं पुष्कळ चांगले संकल्प थांबून राहतात. पण हा प्रश्न नवा नव्हे. पुणें जिल्ह्यांतील बारामती व इंदापूर या दोन शेजारच्या तालुक्यांच्या इतिहासांत त्याचीं दोन निरनिराळीं उत्तरें सांपडतात. श्रोतेहो, तींच आज आपणांपुढें ठेवावयाचीं आहेत.

पहिलें उत्तर बारामतीचें. कवि मोरोपंत पराडकर यांचा जन्म १७२९ सालीं पन्हाळगडावर झाला. केशव व गणेश या पाध्ये बंधूंपाशीं त्यांनीं तेथें अध्ययन केलें आणि ऐन तारुण्यांत ते बारामतीस आले. तेथील धनिक सावकार बाबूजी नाईक हे पेशव्यांचे आप्त. त्यांनीं पंतांस पुराणिक म्हणून आश्रय दिला. १७९४ सालीं देह ठेवीपर्यंत पंत कऱ्हेकांठींच राहिले. पोटाची चिंता दूर झाली म्हणून सुमारें चाळीस वर्षें त्यांची लेखणी अखंड चालली. त्यांच्या आर्या कीर्तनकारांनीं गांवोगांव नेल्या. सोलापूरचा शाहीर राम जोशी पंतांच्या सहवासानें तमाशाकडून कीर्तनाकडे वळला, असें परंपरा सांगते. इमारत नाहीं, वर्ग नाहीं, परीक्षा नाहीं. तरी बारामती हें एक विद्यापीठच होतें, कारण तेथें एका गुरूच्या योगक्षेमाची सोय झालेली होती.

मात्र या व्यवस्थेंत एक मोठें उणें होतें. आश्रय व्यक्तीला होता, विद्येला नव्हता. पंतांमागें दुसरा गुरु नेमण्याचें बंधन कोणावरही नव्हतें, आणि वाड्याचें वैभव ओसरलें कीं आश्रयही ओसरणार, हें ठरलेलेंच होतें.

दुसरें उत्तर इंदापूरचें, आणि तें अगदीं रुक्ष दप्तरांतलें आहे. पेशवाईनंतर प्रिंगल यांनीं बसविलेला सारा शेतकऱ्यांस पेलेना व जमिनी पडीक पडूं लागल्या. तेव्हां गोल्डस्मिड व विंगेट यांनीं नवी पाहणी करून १८३६ सालीं इंदापूर तालुक्यांत हलका सारा ३० वर्षांसाठीं ठरवून दिला. पुढें मुंबई इलाख्यांत हीच पद्धति रूढ झाली. १८६० नंतरच्या दशकांत या साऱ्यावर रुपयामागें एक आणा लोकल फंड बसला व १८६९ च्या कायद्यानें त्यास पक्कें रूप आलें. त्या आण्याचा एक तृतीयांश शिक्षणाकडे जाई. म्हणजे दहा रुपये सारा भरणाऱ्या कुणब्याचे तीन आणे चार पै दर वर्षीं शाळेस मिळत. रक्कम लहान, पण ती कोणाच्या मर्जीवर अवलंबून नव्हती. धनी बदलला तरी आणा येतच राहिला. उणें एवढेंच कीं, हा पैसा मुख्यतः लेखन, वाचन व गणित यांकडे गेला. सुरांच्या वांट्यास तो फारसा आला नाहीं.

या दोहोंच्या मधला मार्ग पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं चोखाळला. मिरजेच्या संस्थानाश्रयांत शिकलेल्या या गायकानें ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें आणि जलशांचें उत्पन्न व लोकांच्या देणग्या यांवर तें चालविलें. पुढें मुंबईंत मोठी इमारत उभारली. तिच्या कर्जापायीं ती लिलावांत गेली. परंतु घडविलेले शिष्य लिलावांत जात नाहींत. १९३१ सालीं पंडितजी वारल्यावर त्यांच्या शिष्यांनीं अखिल भारतीय मंडळ स्थापिलें, आणि त्याच्या परीक्षा आजही गांवोगांव होतात.

या इतिहासावरून आज अनुदान मागणाऱ्यानें काय घ्यावें? आतां दारें पुष्कळ आहेत. १० ते १४ वर्षांच्या मुलांस कलेच्या शिक्षणासाठीं शिष्यवृत्ति देण्याची केंद्र सरकारची योजना १९८२ पासूनची आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांवर नफ्याच्या दोन टक्के रक्कम लोकहितार्थ खर्चण्याचें बंधन घातलें असून मान्य कार्यांत शिक्षण आणि कला-संस्कृति हीं दोन्ही आहेत. बारामतीस तर औद्योगिक वसाहतच आहे. पण अर्ज लिहितांना प्रथम इमारतीचा आराखडा जोडण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. आधीं गुरूचें वेतन मागावें, आणि तें एका समारंभापुरतें नव्हे, निदान तीन वर्षांचें मागावें. दुसरी गोष्ट स्थानिक वांट्याची. १८५४ च्या वुडच्या खलित्यानें अनुदानाची पद्धति या देशांत आणली, तेव्हांच गांवानें कांहीं भार उचलावा अशी अपेक्षा तींत होती. पालकांनीं वर्षाकांठीं थोडी वर्गणी दिली, तर देणारा बदलला तरी वर्ग बंद पडत नाहीं.

बाबूजी नाईकांचें औदार्य आणि इंदापूरच्या कुणब्याचा आणा, या दोहोंची सांगड घालणें हेंच आपलें काम आहे. केवळ औदार्यावर विसंबलों तर एका पिढीपुरता कवि मिळेल; केवळ करावर विसंबलों तर शाळा मिळेल, गाणें मिळेलच असें नाहीं. भीमाकांठच्या खेड्यांत गोड गळ्याची एखादी मुलगी आज आठ वर्षांची आहे. शिकण्याचें तिचें वय कोणत्याही मंजुरीसाठीं थांबून राहत नाहीं.